बाबा १, मी ०

खरं सांगते, मला कॅमेरा विकायचा होता. फ्रीलान्सिंगमध्ये पैसे येतात तेव्हा येतात, घरमालक मात्र बरोब्बर १ तारखेला येतो. आणि कपाटात बाबांचा पेन्टॅक्स के-१००० नुसता पडून होता. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आईच म्हणाली, "लेन्सला बुरशी लागण्यापेक्षा कुणीतरी वापरेल तरी." दुकानदार म्हणाला, "रोल टाकून चालतो का दाखवा, मग भाव बोलू."

म्हणून ही टेस्ट.

के-१००० म्हणजे कॅमेऱ्यांमधली बजाज चेतक. १९७६ ते १९९७ एवढी वर्षं बनत राहिला. ऑटोफोकस वगैरे लाड नाहीत. शटर पूर्ण मेकॅनिकल, सेल लागतो तो फक्त लाइट मीटरच्या काट्याला. मीटरला बंद करायचं बटणही नाही. लेन्सवर झाकण लावायचं, हाच स्विच!

सेल टाकला, काटा हलला. फिल्म स्पीडची तबकडी १०० वर होती. माझा रोल होता कोडॅक गोल्ड २००. 'बाबा विसरले वाटतं,' म्हणत मी ती २०० वर आणली. मास कॉमची डिग्री काय उगाच घेतली?

शनिवारी सकाळी मंडई गाठली. सोबत मित्राचा डिजिटल कॅमेरा, आयएसओ २००. दोन्हीकडे अ‍ॅपर्चर एफ ८, शटर ज्याचा मीटर सांगेल ते. टोमॅटो, कोथिंबीर, लिंबांचे ढीग, छपराखालची सावली. प्रत्येक फ्रेमचे आकडे वहीत लिहिले, कारण डिजिटलसारखं फिल्म ते लक्षात ठेवत नाही.

स्कॅन आले आणि माझा चेहरा पडला. सावल्यांमध्ये नुसता चिखल, कोथिंबीर काळी. वही उघडली तर गंमत कळली. डिजिटल १/१२५ म्हणत होता, तिथे बाबांचा कॅमेरा १/२५० म्हणत होता. म्हणजे फिल्मला दरवेळी निम्माच उजेड. डिजिटल फोटोत थोडा अंधार झाला तरी नंतर उजळता येतो. कलर निगेटिव्हचं उलट, जास्त उजेड खपतो, कमी अजिबात नाही.

मॅन्युअल शोधायला कपाट उपसलं आणि बाबांची १९९८ची डायरी सापडली. आमच्याकडे माझ्या बारशाचे फोटो नाहीत. लॅबवाल्याने रोलची वाट लावली, असं मी लहानपणापासून ऐकत आले. डायरीत लिहिलं होतं, "बारशाचा रोल काळा आला. लॅबची चूक नाही. मीटरला उजेड जास्त दिसतो. रोल २००चा असेल तर तबकडी १०० वर ठेवणे. हिला सांगू नये."

म्हणजे बाबा विसरले नव्हते. माझीच टेस्ट त्यांनी मी पाळण्यात असताना करून ठेवली होती.

मी आईला वाचून दाखवलं. ती आधी खो खो हसली. "इतकी वर्षं त्या बिचाऱ्या लॅबवाल्याला शिव्या घातल्या गं मी!" मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

दुसरा रोल इल्फर्ड एचपी ५ प्लस, ब्लॅक अँड व्हाइट, ४०० स्पीडचा. यावेळी तबकडी मुकाट्याने २०० वर. आई स्वतःहून खिडकीत जाऊन बसली. "काढ माझा एक. काळा नको येऊ देऊस."

नाही आला. पदराच्या सावलीतली घडीन्‌घडी दिसतेय.

आता निकाल. शार्पनेसमध्ये डिजिटल जिंकला, खर्चातही तोच. पण डिजिटलवर काढलेल्या २१४ फोटोंपैकी आज मला चार आठवतात, आणि एचपी ५च्या ३६ फ्रेम्स पाठ आहेत. तुम्ही कपाटातला जुना कॅमेरा काढणार असाल तर एकच सल्ला, तबकडी जिथे असेल तिथेच ठेवून अर्धा रोल काढा. कुणीतरी विचार करून ती तिथे ठेवलेली असू शकते.

कॅमेरा विकला नाही. भाडं? घरमालक काका, हा लेख छापून आला की नक्की!