घरातले मत

मराठी मध्यमवर्गीय घरांत राजकारणावर चर्चा होत नाही, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. ती फारशी खरी नाही. चर्चा होते, प्रसंगी हमरीतुमरीवरही येते. मात्र तिच्यात बोलणारे बहुधा बाप आणि मुलगे असतात. पिढ्यांमधला मतभेद म्हणून आपण जे ओळखतो, ते पुष्कळदा या दोन आवाजांमधले अंतर असते.

आमचे आजोबा संयुक्त महाराष्ट्र समितीचे. १९५७ची निवडणूक हे त्यांच्या बोलण्यातले आदिपर्व. वडिलांनी पहिले मत मार्च १९७७मध्ये दिले. तेव्हापासून प्रत्येक सरकार ते आणीबाणीच्या मापाने मोजत आले आहेत. माझे पहिले मतदान १९९९चे. राजकारण म्हणजे आघाड्यांचे गणित, अशीच माझ्या पिढीची समजूत झाली. आजोबा 'आम्ही लढलो' म्हणत, वडील 'त्यांनी डांबले' म्हणतात आणि मी 'असे केले जाते' या कर्मणी प्रयोगात बोलतो. आमचा अर्धा वाद व्याकरणातच आहे.

या वादात आजी कधीच नव्हती. दारी आलेल्या कार्यकर्त्याला घरातली मते सांगताना आजोबा तिचे मत आपल्याच खिशातले असल्यासारखे मोजत. हा हिशेब एकट्या आमच्या घरचा नव्हे. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली होती. त्यांतील बहुतेक उत्तर भारतातल्या. स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची मुलगी एवढीच ओळख त्यांनी नोंदवली होती. पुढे यादीत नावे आली; मत त्या नावाचेच आहे, हे घरांनी मान्य करणे मात्र मागे राहिले.

२०२४च्या नोव्हेंबरात माझ्या मुलीने विधानसभेसाठी प्रथमच मतदान केले. शिवसेना आणि राष्ट्रवादी हे दोन्ही पक्ष तोवर फुटले होते आणि ओळखीची चिन्हे मूळ नेतृत्वापासून दूर गेली होती. वडिलांनी सहज विचारले, "कुणाला दिलंस?" ती म्हणाली, "ते नाही सांगणार, आबा." वडील दुखावले. जपून बोलण्याचे दिवस त्यांनी पाहिलेले. घरातल्या माणसापासूनही काही राखून ठेवणे त्यांना अविश्वासाचे वाटले. दोन दिवस अबोला राहिला.

तिसऱ्या दिवशी नव्वदीची आजी बोलली. १९५७मध्ये प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर चिन्ह चिकटवलेले, आणि पेट्या पडद्याआड. "आत मी एकटी आणि त्या पेट्या," आजी म्हणाली. "ह्यांना वाटायचं, सांगितलेल्या पेटीतच टाकलं. मी कधी काही बोलले नाही." पणतीने विचारले, "मग कोणत्या पेटीत टाकलंस?" आजी नुसती हसली.

'आमचे घर समितीचे' हे वडिलांचे आवडते वाक्य. त्यातले एक मत आता कायमचे अनिश्चित झाले आहे, आणि ते सांगू शकणारी एकटी व्यक्ती सांगायला तयार नाही.

वडिलांनी मुलीला तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. मात्र आरक्षण, शेतमालाचे भाव, शाळेतली हिंदी यांवर ते तिच्याशी पूर्वीपेक्षा अधिक बोलतात. तिने मत कुणाला दिले हे ठाऊक असते, तर तिचे सगळे म्हणणे त्यांनी त्या एका नावाखाली टाकून दिले असते. आता प्रत्येक मुद्द्यावर तिचे ऐकून घ्यावे लागते.