विनय गायतोंडे कुठे आहे?

‘पानिपतावर मराठे जिंकले असते तर?’ हा प्रश्न मराठी घरात कधी ना कधी निघतोच. डॉ. जयंत नारळीकरांनी तो ओट्यावरच्या गप्पांतून उचलला आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा लिहिली. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात हीच कथा ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने आली. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा मुलीच्या कपाटातले ते पुस्तक काढून मी ती पुन्हा वाचली. त्याच पाठाच्या आधारे चार शब्द लिहितो.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना ट्रकची धडक बसते आणि ते एका वेगळ्याच जगात जाऊन पडतात. या जगात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, ती कानाजवळून निघून गेली आहे. मराठे जिंकले आहेत. कंपनी सरकार देशभर पसरलेच नाही. मुंबई मात्र २००१ पर्यंतच्या कराराने इंग्रजांकडे आहे. गाडीत शेजारी बसलेले खानसाहेब मुंबईहून दिल्ली, लाहोर करीत सरळ पेशावरला निघाले आहेत. म्हणजे फाळणीही नाही!

कोणत्याही वाचकाला भुरळ पडावी असेच हे जग आहे. आपल्या भागातल्या वाचकाला तर जरा जास्तच, कारण पानिपतची वाट आपल्या दारावरून गेली होती. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरला हरवले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा तिथे गाजल्या. त्या विजयाने भाऊंचे नाव झाले आणि पुढच्याच महिन्यात उत्तरेची मोहीम त्यांच्याकडे आली. भालकीहून तासाभरात आपण ज्या गावी पोचतो, तिथून ही गोष्ट सुरू होते.

आणखी एका ठिकाणी मी थांबलो. पुण्याहून मुंबईला जाताना बोगद्याच्या पलीकडे ‘सरहद’ नावाचे छोटे स्टेशन लागते. तिथून इंग्रजांचे राज्य सुरू होते आणि गणवेशातला एक अँग्लो-इंडियन डब्यात येऊन परवाने तपासतो. आपलीही गाडी उदगीर सोडून कमलनगरला येते, तेव्हा राज्य बदलते. आपल्याकडे परवाना कोणी विचारत नाही, फक्त स्टेशनच्या पाटीवरची अक्षरे कन्नड होतात.

पण या कथेचे खरे मर्म मला लढाईत दिसत नाही. मुंबईत उतरल्यावर गंगाधरपंत फोर्ट भागातल्या एका कचेरीत जातात आणि आपल्या मुलाची, विनय गायतोंडेची चौकशी करतात. स्वागतकक्षातली बाई यादी पाहते. या नावाचा कोणी इथे नाही!

पानिपत जिंकले, पण मुलगा कुठे आहे?

माझ्या मते कथेचा कळस हाच आहे, आणि नारळीकर इथे थांबत नाहीत ही माझी तक्रार आहे. पंत लगेच ग्रंथालयाकडे वळतात आणि कोणत्या वळणावर इतिहास बदलला ते शोधू लागतात. शेवटी राजेंद्र देशपांडे हा त्यांचा मित्र शास्त्र समजावून सांगतो. इलेक्ट्रॉन नेमका कुठे जाईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एका जगात तो इथे तर दुसऱ्या जगात तिथे सापडू शकतो, वगैरे. हे सारे मुद्देसूद आहे. तरी बापाच्या काळजाचे काय झाले, हे वाचकाला कळत नाही.

मला हे एवढे का टोचले, ते सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जुना बीदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. आमचे थोरले काका आजही म्हणतात, ‘रेघ दहा कोस पलीकडे सरकली असती तर!’ त्यांच्या बहिणी निलंग्याकडे दिलेल्या. शेताचे कागद एका राज्यात आणि माहेरची माणसे दुसऱ्या राज्यात, हे त्यांनी आयुष्यभर सोसले. त्यांचे दुःख खोटे नाही आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

पण मनात हिशेब मांडतो. भालकी पलीकडे गेली असती, तर एम. ए.साठी मी नांदेड गाठले असते. रेघ अलीकडे होती म्हणून गुलबर्गा विद्यापीठात आलो. तिथेच हुमनाबादची, घरी कन्नड बोलणारी मुलगी भेटली. आज आमच्या लेकीला एक आजी आहे आणि एक अज्जी. पहिलीशी ती मराठीत भांडते, दुसरीशी कन्नडमध्ये लाडात येते. काकांच्या त्या ‘तर’ मध्ये ही पोरगी कुठेच नाही. गंमत अशी की काकांचा सगळ्यात जास्त जीव तिच्यावरच आहे.

म्हणून मला वाटते, समांतर विश्वाच्या गोष्टींनी केवळ करमणूक होत नाही. ‘असे झाले असते तर’ म्हणताना आपण फक्त मिळकतीची बाजू लिहितो. खर्चाची बाजू कोरी सोडतो. त्या कोऱ्या बाजूला आपलीच माणसे असतात. नारळीकरांनी एका छोट्या प्रसंगात ती बाजू उघडून दाखवली, भले पान लगेच उलटले असेल.

याचा अर्थ जे झाले ते सगळे चांगलेच झाले, असा नाही. काकांच्या बहिणी दुरावल्या त्या दुरावल्याच. दोन्ही गोष्टी एकाच रेघेने केल्या, एवढेच मला म्हणायचे आहे.

ही कथा जरूर वाचा. घरात अकरावीचे मूल असेल तर मोठ्याने वाचून घ्या आणि एखाद्या थोरल्या माणसालाही ऐकायला बसवा. विनयची चौकशी होते त्या ओळीपाशी मात्र क्षणभर थांबा. त्या वेळी जो चेहरा तुमच्या डोळ्यांपुढे येईल, त्याच्यासाठी आपले हे एकच जग पुरेसे आहे, असे तुम्हालाही वाटेल.