सभ्य वाक्यांचे क्रौर्य

हास्य आणि मृत्यू यांचे साहचर्य आपल्या परंपरागत रसविचाराला मानवणारे नाही. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हास्यरसाला भयानक आणि करुण या दोहोंचा विरोधी मानले आहे. ज्याला आज आपण 'काळा विनोद' म्हणतो तो या विरोधाचे निराकरण करीत नाही. विरोध कायम ठेवूनच तो आपल्याला हसवतो. म्हणून अशा कलाकृतीपुढे 'आपण का हसलो?' हा प्रश्न आस्वादकाला स्वतःलाच विचारावा लागतो. रॉबर्ट हेमर या दिग्दर्शकाचा 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) हा कृष्णधवल इंग्रजी चित्रपट मी ज्या ज्या वेळी पाहतो, त्या त्या वेळी हा प्रश्न मला नव्याने छळतो.

इंग्लंडमधील ईलिंग स्टुडिओच्या विनोदी चित्रपटांत सहसा एखादी वस्ती किंवा बेट एकदिलाने सरकारी नियमांना चकवते. हेमरच्या चित्रपटात तसे काही नाही. इथे एक एकटा माणूस आहे आणि त्याचे थंड डोके आहे. लुई माझिनीच्या आईने एका इटालियन ऑपेरा-गायकाशी विवाह केला म्हणून डॅस्कॉइन या ड्यूकच्या घराण्याने तिला तोडले. मेल्यावर घराण्याच्या दफनगृहात जागाही नाकारली. लुई सूड घ्यायचे ठरवतो. ड्यूकपद आणि आपण यांच्यामध्ये उभ्या असलेल्या नातलगांना तो एकेक करून दूर करतो आणि वंशवृक्षावरची त्यांची नावे खोडत जातो. भाऊबंदकी हा शब्द मराठी वाचकाला समजावून द्यावा लागत नाही. परंतु नारायणराव पेशव्यांच्या खुनापासून (१७७३) आपल्याकडे त्या शब्दाला चिकटलेला भीषण-करुण स्वर इथे औषधालाही सापडत नाही.

या चित्रपटाच्या लोकप्रियतेचे श्रेय बहुधा अ‍ॅलेक गिनेसला दिले जाते. पाद्री, सेनापती, नौसेनापती, सावकारी पेढीचा मालक, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी लेडी अगाथा, असे सारे डॅस्कॉइन त्याने एकट्याने साकारले आहेत. हे श्रेय रास्तच आहे. एकच चेहरा पुनःपुन्हा मरतो, त्यामुळे कोणत्याही मृत्यूला व्यक्तीच्या मृत्यूचे वजन येत नाही; माणूस मेला असे न वाटता एक पद रिकामे झाले असे वाटते. तरीही मला वाटते की, चित्रपटाची खरी मोहिनी लुईच्या निवेदनात आहे. फाशीच्या आदल्या रात्री कोठडीत बसून तो आपले आत्मचरित्र लिहितो आहे, आणि आपण पाहतो ती त्याची संहिता. डेनिस प्राइसच्या आवाजातील ती वाक्ये अतिशय तोललेली, घोटीव, सौजन्याने ओथंबलेली आहेत. बागेत लुई आणि ईडिथ चहा घेत आहेत, ती संथपणे बोलते आहे आणि तिच्या पाठीमागे, भिंतीपलीकडे, तिच्या पतीच्या फोटोग्राफीच्या अंधारखोलीतून धूर वर चढतो आहे. धूर लुईला दिसतो, आपल्याला दिसतो. तिला मात्र दिसत नाही. त्या क्षणी आपण कोणाच्या बाजूला बसलेले असतो हे वेगळे सांगायला नको.

वेन बूथने 'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना १९६१ साली मांडली. लुईला ती सहज लागू करता येईल. पण त्यात एक सूक्ष्म भेद करावा लागेल. लुई खोटे बोलत नाही. तथ्यांच्या बाबतीत तो कमालीचा विश्वसनीय आहे. अविश्वसनीय आहे ते त्याचे माप. आणि हे माप त्याच्या वाक्यांच्या डौलात इतके बेमालूम मिसळलेले असते की डौल स्वीकारताना आपण मापही स्वीकारून जातो.

एम.ए.च्या वर्गात निवेदनतंत्र शिकवताना मी हा चित्रपट दाखवला होता. चर्चा रंगात आली असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या होडीतल्या मुलीचे काय?" पहिला डॅस्कॉइन मेडनहेडला थेम्स नदीवर आपल्या मैत्रिणीसह होडीत असतो. लुई होडी सोडवतो, ती बंधाऱ्यावरून खाली जाते आणि दोघेही मरतात. या मुलीने लुईचे काही बिघडवलेले नाही. वंशवृक्षावर तिची फांदी नाही, म्हणून खोडायला तिचे नावही नाही. चित्रपटातही तिला नाव नाही. लुई तिच्याविषयी एका वाक्यात हळहळतो आणि त्याच वाक्यात तिच्या शीलावर एक चतुर शेरा मारून मोकळा होतो. प्रेक्षक त्या शेऱ्याला हमखास हसतात. आमचा वर्गही हसला होता. ज्या घराण्याने आपल्या आईला नगण्य ठरवले त्याचा सूड घेणारा माणूस पहिल्याच पावलाला दुसऱ्या एका स्त्रीला नगण्य ठरवतो. ड्यूक होण्याआधीच तो वृत्तीने डॅस्कॉइन झालेला असतो. आणि हे परिवर्तन आपल्या नजरेआड करते ती त्याची सुंदर भाषा. भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्याला हे अस्वस्थ करणारे आहे. कारण घडवलेली भाषा ही घडवलेल्या मनाची खूण असते या श्रद्धेवर आमचा सारा व्यवसाय उभा आहे.

चित्रपटाचा शेवट या अस्वस्थतेला नेमके उत्तर देतो. लुईला शिक्षा होते ती त्याने न केलेल्या खुनासाठी. खटला चालतो हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, कारण आता तो स्वतः उमराव आहे; हा विशेषाधिकार इंग्लंडमध्ये १९४८ साली, म्हणजे चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, रद्द झाला होता. ऐनवेळी त्याची सुटका होते. तुरुंगाबाहेर एक पत्रकार त्याच्या आत्मचरित्राचे हक्क मागतो आणि लुईला आठवते, हस्तलिखित कोठडीतच राहिले आहे. इथे चित्रपट संपतो. अमेरिकेत दाखवताना त्याला काही सेकंदांची पुस्ती जोडण्यात आली. तीत हस्तलिखित अधिकाऱ्यांच्या हाती पडते. गुन्ह्याला शासन झालेच पाहिजे हा तिथल्या सेन्सॉर-संहितेचा आग्रह. या पुस्तीने नीती राखली गेली असेल, परंतु वाचकाचे काम हिरावले गेले. मूळ शेवटात हस्तलिखित टेबलावर तसेच पडून राहते. आपण ते ऐकले आहे, त्याला दाद दिली आहे; आता त्यातले ते होडीविषयीचे वाक्य पुन्हा, न हसता, वाचायचे की नाही, हे आपल्यावर सोपवलेले असते.