बर्फाची लादी

नामपल्ली स्थानकाकडून आमच्या बिऱ्हाडाकडे वळताना एक पत्र्याचे छप्पर लागते. तेथे वरातीची पांढरी घोडी बांधलेली असते. आमचा जन्म मांडवीकाठचा; होड्या पुष्कळ पाहिल्या, घोडा मात्र चित्रातच. त्यामुळे आरंभी आम्ही त्या छपरापुढून अंग चोरूनच जात असू. घोडीचे धनी चाचा मात्र बोलके निघाले. तरुणपणी ते मलकपेठेस शर्यतीच्या घोड्यांचे मोतद्दार होते. १८८६ साली सहाव्या निजामांनी शर्यती मौलाअलीहून हलविल्या, त्या याच मलकपेठेस.

गेल्या माघातील गोष्ट. घोडी पुढचा डावा पाय अधांतरी धरून उभी होती. सिमेंटच्या रस्त्यावर घसरली होती. गुडघ्याखाली सूज, हात लावावा तर चटका! आमच्या घरी मुरगळलेल्या पायाला मिठाच्या पुरचुंडीचा शेक देत, तोच उपाय आम्ही ऐटीत सुचविला. चाचा हसले. "मास्तरसाहेब, पेटलेल्या घरात आणखी निखारे टाकायचे?"

आम्ही सायकल काढली आणि मोअज्जम जाही मार्केटच्या बाजूने गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आलो. चाचांनी बर्फ फोडला, पायाला आधी ओले फडके लपेटले (उघड्या कातडीवर बर्फ ठेवला तर कातडी करपते) आणि वर बर्फाची पिशवी बांधली. वीस मिनिटे ठेवायचे, सोडायचे, काही वेळाने पुन्हा बांधायचे. पहिले दोन दिवस असेच. शेकाची पाळी सूज उतरल्यावर.

विद्यार्थी मित्रहो, घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतेच. हाड, त्यामागून दोरखंडासारख्या गेलेल्या कंडरा आणि वर कातडे. शरीराचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या दोन पायांवर. कंडरांना रक्तपुरवठा बेताचा, म्हणून दुखापत भरून येण्यास महिनेच्या महिने लागतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, सूज आवरते, वेदना बोथट होते. म्हणूनच शर्यतीच्या तबेल्यांत दौडीनंतर धडधाकट घोड्यांच्या पायांवरही गार पाण्याची धार सोडतात. इंग्लंडातील ग्रँड नॅशनल ही शर्यत १९७३, १९७४ आणि १९७७ साली जिंकणारा रेड रम तर पायाच्या हाडाच्या दुखण्याने बेजार होता. साऊथपोर्टच्या किनाऱ्यावर त्याला समुद्राच्या पाण्यात चालवीत. गुण गार पाण्याचा की मऊ वाळूचा, हे कोणी सांगावे? आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांचे मत अर्थातच पाण्याच्या बाजूने!

दुसऱ्या दिवशी सायंकाळी घोडीने पाय टेकला. चार पावले नीट चालली. त्या रात्रीच्या वरातीचा विसार चाचांनी घेतला होता आणि तो घरात खर्चही झाला होता. त्यांनी आमच्याकडे पाहिले. "आप पढे-लिखे हैं. क्या बोलते?" आणलेल्या लादीचा अभिमान आमच्या डोक्यात चढलेला. "बरी झाली की! खुशाल न्या," आम्ही बोलून गेलो.

मध्यरात्री टापांचा आवाज आला. तीनच टापा. चौथा पाय ती फरफटत होती.

सकाळी सलोत्री आले. (अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य जो शालिहोत्र, त्याच्याच नावावरून आलेला हा शब्द.) त्यांनी कंडरा चाचपली. बर्फाने वेदना झाकली होती. फाटलेला तंतू जुळला नव्हता. घोडी बोलती तर थांबवती. तिचे बोलणे म्हणजे लंगडणे, आणि तेच आम्ही गोठवून टाकले होते. वर्षभर तिच्यावर स्वार बसवायचा नाही, असे त्यांनी बजावले.

चाचांनी आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यामुळे तो अधिकच बोचला. लग्नसराई गेली, ते आता पहाटे मंडईत हमाली करतात. शाळा सुटली की आम्ही छपरापाशी थांबतो. चाचा घोडीची मान थोपटतात, आम्ही उकिडवे बसतो, एक तळवा तिच्या उजव्या पायावर आणि दुसरा डाव्यावर ठेवतो. डावा अजून किंचित ऊन लागतो. "आज?" चाचा विचारतात.

"आज नाही, चाचा."