फुटबॉलचा प्रशिक्षक नेमताना

आपल्या शाळेच्या फुटबॉल संघासाठी बाहेरून अनुभवी मुख्य प्रशिक्षक आणावा की नाही, हा प्रश्न गेल्या पालक सभेपासून चर्चेत आहे. आंतरशालेय स्पर्धेत आपला संघ सलग दोन वर्षे पहिल्याच फेरीत बाहेर पडला. त्यामुळे पालकांची तळमळ आम्ही समजू शकतो. काहींनी मानधनाचा भार वाटून घेण्याची तयारीही दाखवली आहे. दुसरीकडे, शारीरिक शिक्षणाचे आपले सर बारा वर्षांपासून हा संघ सांभाळत आहेत. मैदानावर फक्की मारण्यापासून मुलांच्या गुडघ्यांना पट्टी बांधण्यापर्यंत सारे त्यांच्याच हातून होते. "बाहेरचे कोच आले तर आपल्या सरांचे काय?" असे सातवीतल्या एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले. विश्वस्त मंडळानेही आमचे मत मागितले आहे. ते सर्वांसमोर असावे म्हणून येथे मांडत आहोत.

हैदराबादेत राहून या विषयावर बोलायचे, तर सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. रहीमसाहेब पेशाने शिक्षक. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. असा पराभव झाल्यावर प्रशिक्षकाला कायमचे घरी बसवणे सोपे होते. तसे झाले नाही. चार वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकला रहीमसाहेबच संघ घेऊन गेले. तेथे नेव्हिल डिसोझा या मूळ गोमंतकीय खेळाडूने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने चौथा क्रमांक मिळवला. त्या संघात आपल्या सिकंदराबादच्या अम्मुगुड्याचा तुलसीदास बलराम होता. गरीब घरच्या या मुलातला गुण रहीमसाहेबांनी येथेच हेरला होता.

१९६२ साली जकार्तामध्ये बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला मार लागून टाके पडले. रहीमसाहेबांनी त्यांना बाहेर न बसवता आघाडीला खेळवले. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत जर्नेलसिंग यांनी गोल केला आणि दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने पुन्हा सुवर्णपदक जिंकले. आपला खेळाडू आतून-बाहेरून ठाऊक असल्याखेरीज असा निर्णय घेण्याचे धाडस होत नाही.

आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. तेथे अनुभवाला 'तजुर्बा' हा शब्दही कानावर पडे. या शब्दाचा एक अर्थ अनुभव आणि दुसरा अर्थ प्रयोग. ज्याला प्रयोग करू दिले जातात, त्यातला एखादा फसला तरी सांभाळून घेतले जाते, तोच पुढे अनुभवी होतो. रहीमसाहेबांना असा अवकाश मिळाला होता.

हाच वाद २०२५ साली राष्ट्रीय संघाबाबतही झाला. प्रशिक्षकपदासाठी १७० अर्ज आले. अंतिम तिघांत पूर्वी दोनदा भारताचे प्रशिक्षक राहिलेले स्टीफन कॉन्स्टंटाइन होते, स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक स्टेफान तार्कोविच होते आणि आपले खालिद जमील होते. जमील यांनी मुंबई एफसी हा संघ अनेक वर्षे सांभाळला होता आणि २०१६-१७ च्या हंगामात मिझोरमच्या आयझॉल संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. ऑगस्टमध्ये त्यांची निवड झाली. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई स्पर्धेत भारत तिसरा आला, तेव्हा सगळीकडे कौतुक झाले. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून हरून आशिया चषकाची वाट बंद झाली, तेव्हा टीकाही तितकीच झाली. दोन-तीन महिन्यांच्या निकालांवरून एखाद्या प्रशिक्षकाची पारख करता येते, असे आम्हांला वाटत नाही.

आता आपल्या शाळेविषयी. आपले सर मूळचे कबड्डीपटू. गोलरक्षकाने उडी घेऊन कसे पडावे, हे आपल्याला नीट शिकवता येत नाही, असे त्यांनी स्वतःच आम्हांला सांगितले. गेल्या वर्षी आपल्या गोलरक्षकाचे मनगट मोडले, हे आपण विसरलो नाही. म्हणून केवळ करंडकासाठी नव्हे, मुलांच्या हातापायांच्या काळजीपोटीही जाणकार प्रशिक्षक हवा, असे आमचे मत झाले आहे.

मात्र काही गोष्टी आधीच ठरलेल्या असाव्यात. नेमणूक किमान तीन वर्षांची असावी आणि पहिल्या वर्षी निकालाचा जाब विचारू नये. उमेदवाराला किती करंडक जिंकले हे विचारण्याबरोबरच, शाळकरी मुलांना किती वर्षे शिकवले हेही विचारावे. आपले सर सहप्रशिक्षक राहावेत आणि शाळेने त्यांना प्रशिक्षणवर्गाला पाठवावे, म्हणजे बाहेरचा माणूस उद्या गेला तरी विद्या शाळेतच राहील. मानधनासाठी ग्रंथालयाच्या किंवा प्रयोगशाळेच्या तरतुदीला हात लावू नये, आणि जे पालक वर्गणी देऊ शकत नाहीत त्यांच्या मुलांचे संघातले स्थान कमी होऊ नये. शेवटची अट आमच्या विशेष आग्रहाची आहे. मैदानावर रोज चाळीसेक मुले-मुली येतात. प्रशिक्षकाने त्या सगळ्यांना शिकवावे. निवडक अकरा जणांनाच शिकवायचे असेल, तर तो खर्च शाळेने करू नये.

निर्णय अर्थातच विश्वस्त मंडळाचा आहे. पालकांनी आपली मते लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावीत. आणि विद्यार्थीमित्रहो, नवे कोच आले तरी संध्याकाळच्या सरावाला सर शिट्टी घेऊन उभे असतीलच. नेहमीप्रमाणे वेळेवर या.