नामदेवांना औंढ्याला का जावे लागले

चि. बाळास,

तुझे पत्र पावले. ब्रॅम्प्टनच्या गुरुद्वाऱ्यात पाठ चालू असता ‘भगत नामदेव’ हे नाव कानी पडले, ते आपलेच नामदेव काय, असा खुलासा तू मागितला आहेस. होय, आपलेच. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि पंजाबातील घुमान या गावी त्यांचे दीर्घकाल वास्तव्य होते, असे तेथील परंपरा सांगते. परंतु नोकरी सोडून पुढे शिकावे की नाही, याविषयी नित्य प्रार्थना करूनही देव काही उत्तर देत नाही, असे तू पत्राच्या अखेरीस खिन्नपणे लिहिले आहेस, म्हणून त्यांची त्यापूर्वीची हकीकत सविस्तर लिहितो.

नामदेव (१२७०–१३५०) विठ्ठलाचे इतके लाडके, की त्यांच्या हातचा नैवेद्य देव प्रत्यक्ष येऊन जेवला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. असा हा भक्त संतमेळ्यात बसला असता, मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून तेरच्या गोरोबाकाकांनी मडकी घडवण्याचे थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले. बाकीचे निमूट बसले. नामदेव मात्र संतापले, आणि हे एवढे मडके कच्चे राहिले, असा निवाडा गोरोबांनी दिला. अपमानाने पोळलेल्या नामदेवांनी पंढरी गाठून विठ्ठलापाशी गाऱ्हाणे केले.

आता पाहा, ज्याच्याशी नामदेव रोज बोलत, त्या देवाला चार शब्दांत उपदेश करणे काय अवघड होते? तरी त्याने तो केला नाही. विसोबा खेचरांकडे जा, असे फर्मावले. औंढ्या नागनाथाच्या देवळात नामदेव येऊन पाहतात, तो एक वृद्ध शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून खुशाल पहुडलेला! पूर्वी ज्ञानदेवादी भावंडांचा छळ करणारे म्हणून ज्यांचे नाव कथांत येते, तेच हे विसोबा. देवाने धाडलेला माणूस आपल्या पसंतीचा असेलच, असा भरवसा कोणी धरू नये. मात्र नामदेवांनी डोळे मिटून मान तुकवली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. त्यांनी आधी हटकले. देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे विसोबा म्हणाले तेव्हा ते उचलून दुसरीकडे ठेवून पाहिले, आणि जेथे ठेवावे तेथे पिंडी दिसू लागली, तेव्हाच ते शरण गेले.

तुझ्या कचेरीतील ज्या वरिष्ठांचा स्वभाव तुला रुक्ष वाटतो, त्यांनी आपण होऊन तुझ्या पुढील शिक्षणाची चौकशी केली, हा मजकूर तू एका ओळीत उरकला आहेस. माझ्या मते तुझ्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ ती. त्यांची वेळ मागून घे, मनातील शंका निःसंकोचपणे विचार, आणि ते काय म्हणाले ते उलट टपाली कळव.

तुझा,
मामा