जव्हारच्या वाटेवरील एक धडा

श्रावणांत नाशिकहून निघून त्र्यंबकेश्वर मागें टाकलें म्हणजे तोरंगणच्या घाटापासून सृष्टीचें रूपच पालटतें. गेल्या श्रावणांत आम्ही पुतण्या, सूनबाई व नातू यांच्यासह त्या वाटेनें जव्हारास निघालों. उतारावर नागली व वरई यांचीं हिरवीं शेतें, सखल भागीं भाताचीं खाचरें, आणि त्यांत इरलीं पांघरून वांकलेल्या बाया, असें तें दृश्य होतें. मोखाडा हें गांव बोहाड्याच्या मुखवट्यांसाठीं प्रसिद्ध आहे. याच तालुक्यांत मुंबईकरांची तहान भागविणारें मध्य वैतरणा धरण आहे. तरी उन्हाळ्यांत येथील कित्येक पाड्यांवरील बायांच्या डोक्यावरचा हंडा खालीं उतरत नाहीं, हें पाहुण्यानें विसरूं नये.

गाडी अवघी चार महिन्यांची होती व ती नातू चालवीत होता. त्याच्याजवळ शिकाऊ परवाना होता. शेजारीं त्याचे वडील बसले होते आणि गाडीस पुढें-मागें ‘एल’ हें तांबडें अक्षर लावलेलें होतें. मोखाडा सोडल्यावर धुकें दाटलें, आणि एका वळणावर म्हैस आडवी आली. नातवानें चाक वळविलें. म्हैस वांचली, परंतु गाडी दगडी कठड्यावर आदळून गटारांत कलली. कोणास इजा झाली नाहीं, ही परमेश्वराची कृपा. जवळच्या पाड्यावरील चार-पांच तरुण धांवत आले. एकानें प्रथम आपल्या फोनवर छायाचित्रें घेतलीं व म्हणाला, “बाबा, हीं ठेवा, पुढें कामीं येतील.” मग त्यांनीं दोर लावून गाडी वर काढली. पैसे देऊं केले ते त्यांनीं घेतले नाहींत. उलट त्यांचा कोरा चहा मात्र आम्हांस घ्यावा लागला.

पुतण्यानें तेथूनच विमा कंपनीस वर्दी दिली. विमा उतरवून देणाऱ्या गृहस्थांनीं फोनवर सल्ला दिला, “गाडी तुम्हीच चालवीत होतां असें लिहा. शिकाऊ म्हटलें कीं कंपनी अडून बसते.” पुतण्या क्षणभर घोटाळला. नातू मान खालीं घालून उभा होता. आम्ही म्हणालों, “अरे, पैसे गेले तर पुन्हां मिळवतां येतील, पण बापानें आपल्यासाठीं खोटें लिहिलें, हें हा पोरगा जन्मभर विसरणार नाहीं.” अर्जांत खरें होतें तेंच लिहिलें गेलें.

उरलेली वाट आम्ही एस्. टी.नें कापली. जव्हारचें मुकणे घराण्याचें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें; २०१४ पासून हा मुलूख पालघर जिल्ह्यांत मोडतो. जयविलास राजवाडा आम्ही पाहिला. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीस जातांना शिवाजी महाराजांचा तळ जेथें पडला असें सांगतात, तो शिरपामाळही पाहिला. संस्थानाचा मूळ पुरुष जयबा याची दंतकथा मात्र विशेष स्मरणांत राहिली. त्यानें एका बैलाच्या कातड्यांत मावेल एवढीच भूमि मागितली, आणि वचन मिळतांच कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा मुलूख वेढला!

महिन्याभरानें त्या कथेची आठवण व्हावी असा प्रसंग आला. कंपनीच्या सर्व्हेयरनें गाडी पाहिली, दुरुस्तीचें बिल ६४,००० रुपये झालें, आणि पत्र आलें कीं चालकाजवळ पक्का परवाना नसल्यामुळें कांहींच मिळणार नाहीं. जयबानें शब्द ताणला होता. कंपनीनें तो आखडला! आम्हांस पोथी अथपासून इतिपर्यंत वाचण्याची संवय. बारीक टायपांतील पॉलिसी वाचतां कलम सांपडलें, कीं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील तिसरा नियम पाळणारा शिकाऊही गाडी चालवूं शकतो. पक्का परवानेदार शेजारीं असावा, अक्षर पुढें-मागें असावें, हाच तो नियम. आम्ही कलमाचा उतारा, दोघांचे परवाने व तीं छायाचित्रें जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लेखी पत्र धाडलें. महिन्यांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जातां येतें. तेथें शुल्क पडत नाहीं व वकीलही लागत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आम्हांस तेथवर जावें लागलें नाहीं. कंपनीनें ५४,००० रुपये मंजूर केले. प्लॅस्टिकच्या १८,००० रुपयांच्या भागांची निम्मी किंमत आणि नियमाचे १,००० रुपये कापले गेले, तें पॉलिसीस धरूनच होतें.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्या छायाचित्रांत तें तांबडें अक्षर स्पष्ट होतें, त्याच छायाचित्रांत नातू चालकाच्या बाजूनें उतरतांना दिसत होता. खोटें लिहिलें असतें, तर आमचा साक्षीदारच आमच्यावर उलटला असता.

दिवाळींत नातू पक्का परवाना घेऊन आम्हांस पुन्हां त्या पाड्यावर घेऊन गेला. बरोबर चहापूड, साखर व फराळाचा डबा होता. तें वळण येतांच त्यानें, कोणी न सांगतां, गाडी अगदीं सावकाश घेतली.